नंबर मोडणाऱ्या हमीदाआपा

नेरूळच्या त्या दवाखान्यात नंबराचा पुठ्ठा हातात मिळाला, तरी आत आधी कोण जाणार हे नर्स हमीदाआपाच ठरवायच्या. पन्नाशीच्या, शिडशिडीत, रायगडातल्या खाडीकाठच्या गावातल्या. एकदा रबाळ्याच्या कारखान्यातला एक कामगार रक्ताळलेला अंगठा धरून ओरडत आला. सगळ्यांनी सरकून वाट दिली. आपांनी त्याच्या अंगठ्यावर कापूस दाबला, हात वर धरायला सांगितला आणि कोपऱ्यात घामाघूम होऊन गप्प बसलेल्या आजोबांना आत नेलं. त्यांना हार्ट अटॅक आला होता. "वरडनाऱ्यात दम असतो," आपा म्हणायच्या, "गप बसलेल्याला आदी बगायचं."

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझी मुलगी दोन महिन्यांची होती. मला झोप नव्हती, भूक नव्हती, मुलीला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं. घरात सासऱ्यांना कावीळ झालेली. त्यांच्यासाठी उसाचा रस, पथ्य, भेटायला येणारी माणसं. माझ्याबद्दल सासूबाई म्हणायच्या, "हिला काय धाड भरलीय? नुसती बसून असते." मलाही ते पटायचं. ताप नाही, सूज नाही. आजारी म्हणवून घ्यायचं कोणत्या तोंडानं?

मुलीला डोस पाजायला सासूबाई आणि मी दवाखान्यात गेलो.

"बाळ मस्त हाय," आपा म्हणाल्या. "तू कशी हायेस?"

"बरी आहे."

"नीट कदी झोपलीस?"

मला आठवेना. आपांनी मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि माझा हात धरला. पायाला प्लॅस्टर घातलेला एकजण चिडला, "तिला काय झालंय? माझा पाय मोडलाय!"

"तुमचा पाय मोडलाय हे तुमाला ठाव तरी हाय," म्हणत आपांनी मला आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच महिन्यांनी मुलीच्या बोबड्या हुंकाराला मी हसून उत्तर दिलं, तेव्हा आपांना सांगायला गेले. तुम्हाला कसं कळलं, असंही विचारलं.

सिरिंज पुसता पुसता त्या म्हणाल्या, "माझ्या भैनीला बाळ झालं, तवा अब्बांना टायफाइड होता. सगलं घर त्यांच्या खाटेशी. तिनं आमाला चहा दिला नि विहिरीवर गेली. परत आली नाय. मी नर्सिंग शिकत होते, पोरी. मी अब्बांचा ताप बगत बसले होते."

त्याच संध्याकाळी शेजारीण आली. सासूबाई तिला सांगत होत्या, "जरा अशक्तपणा होता हिला, बाकी काही नाही."

"नाही," मी म्हणाले, "मी खूप आजारी होते."