मागच्या दाराची बादली

आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. स्कूटीला कोणी लिंबू-मिरची बांधली, तर मी ती तोडून फेकते. तरीही हे लिहितेय, कारण मैत्रिणींना सांगून झालं आणि सगळ्यांनी "फोन बदल" एवढाच सल्ला दिला.

मी चंद्रपूरला बँकेत आहे. वस्तीतल्या ज्या कोपऱ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांचे मोबाइलवर फोटो काढायचे हा माझा नाद. मीटरबॉक्समागची फट, टाकीखालचं शेवाळ... आई चिडवते, लोक ताडोब्याला वाघाचे फोटो काढतात, माझी पोरगी नाल्यांचे.

आई गडचांदूरला एकटी राहायची. तिथल्या सिमेंट कारखान्याच्या धुळीने तिला दम लागायचा, डॉक्टरांनी गाव सोडायला बजावलं होतं. पण ती हलेना, आणि कारण बाबा. ते चुनखडीच्या खाणीत कामाला होते. मी दहावीत असताना एकदा ते ड्युटीला म्हणून निघाले आणि परतलेच नाहीत. खूप शोधलं, काहीच कळलं नाही.

खाणकामगारांच्या घरांच्या आमच्या ओळीत कामावरून आलेला माणूस समोरच्या दाराने घरात शिरत नसे. मागच्या गल्लीतून यायचं, दाराजवळच्या बादलीतल्या पाण्याने हातपाय धुवायचे, मग आत. बाबा गेल्यावरही आई ती बादली रोज भरून ठेवायची. मला राग यायचा, रडूही यायचं. शेवटी गेल्या दिवाळीत, धूळ आत येऊ नये म्हणून, मीच ते दार लावून फटीत कापड कोंबलं. बादलीही बंद झाली.

उन्हाळ्यात तिला न्यायला गेले तर ती हट्टालाच पेटलेली. वैतागून मी भरदुपारी मागच्या गल्लीत फोटो काढायला गेले. सगळीकडे धुळीचा राखाडी थर. आमच्या बंद दाराचाही एक फोटो काढला...

फोटोत दारासमोर धुळीत पावलं उमटली होती. मोठी, अनवाणी, दाराकडे तोंड केलेली. एकावर एक – कोणीतरी खूप वेळ ताटकळत उभं असावं तशी. मान वर करून पाहिलं, तर जमिनीवरची धूळ सपाट. पुन्हा काढला. पुन्हा तेच.

आईला दाखवलं तर ती कधीच निघणार नाही, हे मला कळत होतं. पण घरात आले तेव्हाही मी फोटोच बघत होते, आणि तिने फोन काढून घेतला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"दार काऊन लावलं व तुनं?" ती म्हणाली. "समोरून नाई येत तो. उभा राहून राहून गेला असन."

तिनेच कापड उपसलं, दार उघडलं, बादली भरून ठेवली. मग उंबऱ्याजवळ बसून राहिली. ऊन उतरल्यावर मला म्हणाली, "आता काढ."

माझ्या डोळ्यांसमोर जमीन कोरडी होती. फोटोत बादलीपासून उंबरा ओलांडून आत गेलेली ओली पावलं होती.

आईने शांतपणे दार लावून घेतलं. "चाल. आता कुठीबी ने मले."

ती आता माझ्याकडे आहे, दमही बराच कमी झालाय. खरं तर मी निश्चिंत व्हायला हवं होतं. पण मध्ये सवयीने आमच्या बिल्डिंगच्या मागच्या जिन्याचा फोटो काढला. तिथून कोणी येत-जात नाही. फोटोत आमच्या मागच्या दाराशी तीच पावलं... धुळीने माखलेली, थांबलेली.

फोटोत हे कुठून येतं, मला अजून कळलेलं नाही. विश्वास आजही नाही. पण कोणी दारात ताटकळत असेल, तर ते मला सहन होत नाही. म्हणून बँकेत जाण्याआधी मी मागच्या जिन्यात बादली भरून ठेवते. आईला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बादली ओतताना पाणी राखाडी झालेलं असतं. चंद्रपुरातही धूळ काही कमी नाही, असं मी स्वतःला सांगते.