समुद्रातला रोवणा

आंधळगावात माझं धानाचं दुकान आहे. वजनकाट्याच्या वरच्या खिळ्याला पाण्यात घालायचा एक चष्मा टांगलेला असतो. नाकासकट डोळे झाकणारा, बाजूला वाकडी नळी असलेला. पोतं उतरवता उतरवता कोणीतरी विचारतंच, "हे काय होय जी? फवारणीचं होय का?" मी हो म्हणतो. खरं सांगायला बसलं तर धान मोजायचं राहून जातं.

माझी मुलगी आणि जावई कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर राहतात. मुलगी तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवते. जावई कॉम्प्युटरवर काय करतो ते त्यानं मला समजावून सांगितलं आहे आणि मी मान डोलावली आहे. गावात कॅरिबियन म्हटलं तर कोणाला कळत नाही, वेस्ट इंडिज म्हटलं की क्रिकेटमुळे लगेच कळतं. आम्ही निघालो तेव्हा अर्ध्या गावानं मला मॅच पाहून यायला सांगितलं होतं.

मॅचसाठी कोण जातं? मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, तिनं इकडे यावं, असं माझं म्हणणं होतं. तिला तेवढी रजा मिळत नव्हती, म्हणून आईनंच तिकडे येऊन राहावं असं तिचं म्हणणं होतं. त्यावरून मी बरेच दिवस फुगून बसलो. शेवटी दोघांचंही जाण्यायेण्याचं तिकीट काढलं आणि बायकोला सोबत घेऊनच परतायचं हे मनाशी पक्कं केलं. हिला तिथं करमणार नाही, भाषा येत नाही, असं मी येईल त्याला सांगत होतो. खरी गोष्ट एवढीच होती, की मला घरात एकट्याला राहायचं नव्हतं. बायको मात्र राहते म्हणाली नाही की येते म्हणाली नाही. ती बॅगेत मोहफुलांचे लाडू भरत होती.

बेटावर गेल्यावर मुलीनं आम्हाला एका रविवारी समुद्रावर नेलं. पांढरी वाळू, कमरेएवढं पाणी, आणि पाणी असं की उभं राहिलं तर पायाची नखं दिसावीत. थोडं आत गेलं की पाण्याखाली प्रवाळाचे खडक होते. तिथं लोक पालथे पडून, नळी वर काढून, तासन् तास तरंगत होते. "याले स्नॉर्केलिंग म्हणतात, बाबा," मुलगी म्हणाली. तिचं पोट आता चांगलंच दिसत होतं, म्हणून ती काठाजवळ पाण्यात बसून आम्हाला शिकवणार होती.

मी पोहणारा माणूस. गावचा तलाव या काठच्या पाळीपासून त्या काठच्या पाळीपर्यंत कितीदा पार केला असेल. तेव्हा हे नळीबिळीचं काम म्हणजे पोरखेळ, असं मी बायकोला ऐकवलं. वर हेही म्हटलं, "तू काठावर बस. चपला सांभाळ." तिनं जावयाचा टीशर्ट आणि मुलीची पायजमी घातली होती, वरून केशरी रंगाचं तरंगायचं जाकीट.

चष्म्याच्या काचेवर आतून थुंकायचं असतं, म्हणजे वाफ धरत नाही. मला ते ऐकूनच कसंसं झालं. बायकोनं चष्मा हातात घेतला, थुंकली, बोटानं फिरवलं, विसळलं आणि डोळ्यांवर चढवला. जसं काही रोजचंच आहे.

"आता तोंड पाण्यात टाका," मुलगी म्हणाली, "अन् तोंडानं श्वास घ्या. नाकानं नाही."

"तोंड पाण्यात टाकल्यावर श्वास कायले घेऊ? मरायले?"

मी चिडून बोललो खरा, पण चिडण्याचं कारण वेगळं होतं. आम्ही तलावात शिकलेले लोक मान वर काढून पोहतो. तलावाचं पाणी गढूळ, आत डोळे उघडून काही दिसत नाही. खाली काय आहे ते पायानं चाचपायचं, गाळ आहे का दगड आहे का कमळाचा देठ आहे. तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडायचा आणि लवकर वर यायचं, हे अंगात इतकं मुरलेलं, की नळीतून हवा येत असूनही छाती हवा घेईना. एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि मी खोकत उभा राहिलो. सवयीनं पाय तळ चाचपत होते, त्यामुळे माझ्याभोवती वाळूचा नुसता धुरळा उठला होता.

खोकला थांबल्यावर पाहतो तर बायको काठावर नाही. ती दूर खडकांपाशी पालथी पडली होती, केशरी जाकीट वर, डोकं पाण्यात. हात नाही, पाय नाही, काही हलत नव्हतं.

"बाहेर काढा तिले!" मी ओरडलो.

"बाबा, नळी पाहा नं," मुलगी हसून म्हणाली. "श्वास घेऊन राहिली ती."

नळी खरोखरच हळूहळू फुसफुसत होती. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बघत राहिलो. तिची पाठ सपाट होती, मान खाली, दोन्ही हात खाली सोडलेले. मध्येच उजवा हात थोडा पुढे जायचा, बोटं एकत्र यायची आणि खाली टेकल्यासारखी व्हायची. ती खडकाला हात लावत नव्हती. हात आपोआप चालत होता. तेव्हा मला कळलं, हे मी कुठं पाहिलं आहे.

बायकोचं माहेर लाखांदूरकडचं. लग्नाआधी तिथं आणि लग्नानंतर आमच्या बांध्यांमध्ये, धानाच्या शेतात, ती वर्षानुवर्षं रोवणा करत आली. घोट्यावर चिखलपाणी, कमरेत वाक आणि तोंड दिवसभर पाण्याकडे. एकेक रोप बोटात धरायचं आणि चिखलात रोवायचं. इतकं खाली पाहून पाहून ती पाण्यातलं सगळं ओळखते. तिच्या कमरेचं दुखणं त्यातलंच. पाण्यापुढे मान वाकवायची तिला सवय होती. मला नव्हती.

बऱ्याच वेळानं ती परत आली. चेहऱ्यावर चष्म्याचा लाल वळ उमटला होता आणि ती इतकी खूश होती, की मी तिला तसं कधी पाहिलं होतं ते आठवेना.

"पोपटाच्या रंगाचे मासे आहेत," ती मुलीला सांगत होती. "गोटा कुरतडून खाऊन राहिले. कुरूम कुरूम आवाज येते, मुरमुरे खाल्ल्यावानी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रोवण्यात वाकतो तसंच तं आहे जी. फक्त इथं कंबर नाही दुखत."

त्या संध्याकाळी घराच्या पायरीवर ती लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसलो. न विचारताच ती म्हणाली, "मले इथं राहाचं आहे. बाळ थोडं मोठं होईपर्यंत."

"करमणार नाही तुले."

"करमून राहिलं नं."

"अन् मी काय खाऊ?"

"भात शिजवा. जन्मभर धान विकलं, अन् भात नाही येत?"

मला राग आला. राग यावा असं ती काही बोलली नव्हती, म्हणून जास्तच आला. मी रात्रीचं जेवण नको म्हटलं आणि मग लाडू खाल्ले.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला पुन्हा समुद्रात घेऊन गेली. माझा हात धरून तिनं मला पालथं केलं. मी पाय झाडले, वाळू उठली, काही दिसेना. "थांबा जी," ती म्हणाली. "पाय नका हलवू. पाणी निवळू द्या." निवळेपर्यंत मी थांबलोच नाही. पुन्हा नाकात पाणी, पुन्हा खोकला. दुसऱ्या दिवशी मी एकटा विमानात बसलो. मुलीनं माझ्या बॅगेत तो चष्मा घालून दिला होता. मी "कशाला?" म्हणालो, पण बाहेर काढला नाही.

घरी आल्यावर पहिला भात करपला, दुसऱ्याची पेज झाली. दुकानात धाकटा भाऊ होता, गिऱ्हाईक होतं, दिवस निघून जायचा. घराचं कुलूप उघडताना मात्र आतून काही आवाज येत नाही याची सवय होईना. रोज सकाळी फोन करायचो. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असायची. नात झाली ती बातमीही सकाळच्याच फोनवर कळली. मी रडलो, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच विचारू लागलो, "कधी येऊन राहिली?" ती म्हणायची, "पाहू."

उन्हं तापू लागली होती. एका सकाळी चष्मा पिशवीत घालून मी तलावावर गेलो. पाळीवर म्हशी आल्या नव्हत्या, कपडे धुणाऱ्या बायाही नव्हत्या, हसायला कोणी नव्हतं. कमळं होती त्या बाजूनं मांडीएवढ्या पाण्यात शिरलो. काचेवर थुंकलो. वाकलो, गुडघ्यावर हात ठेवले आणि तोंड पाण्यात घातलं. समोर नुसता तांबूस गढूळपणा होता. छाती कोंडली. वर यावंसं वाटलं. पण पाय हलवला नाही.

एक श्वास आला. मग दुसरा आला. कंबर दुखायला लागली. हळूहळू गाळ खाली बसत गेला आणि कमळाचे देठ दिसू लागले, लांब, हिरवे, वर गेलेले. त्यांच्यात माझे दोन पाय, ओळखू येऊ नयेत इतके पांढरे. बोटाएवढे मासे येऊन नखांना टोचत होते. या तलावात मी लहानाचा मोठा झालो आणि आत काय आहे ते आज पाहत होतो. तिला हाक मारून दाखवावं असं वाटलं, पण ती तर तिकडे बेटावर होती. तिथंच वाकलेला असताना हेही कळलं, की समुद्रातून बाहेर आल्यावरचा तिचा तो चेहरा मला परत हवा आहे आणि तो बोलावून येणार नाही.

ओल्या अंगानं पाळीवर बसूनच फोन लावला. माशांचं सांगितलं, देठांचं सांगितलं, पायांचं सांगितलं. ती पुष्कळ हसली. मग थांबून म्हणाली, "आज इचारलं नाही तुमी, कधी येते म्हणून."

"नात बसू लागू दे," मी म्हटलं. "चालू लागली तरी चालते. मग ये."

आणि मी नाक ओढलं.

"रडून राहिले का जी?"

"नाही व. नाकात पाणी गेलं तलावाचं."

"मंग तोंडानं श्वास घ्या," ती म्हणाली.