नवाईविना मका

सागाच्या पानावरचं भाजलेलं कणीस, त्याच्या जळलेल्या सालीचा गोडसर धूर आणि उतारावरच्या ओल्या गवताचा वास... सातपुड्यातलं माझं बालपण आठवतं ते असं. शेतात मका दुधावर यायचा, पाती वाऱ्याने सळसळायची, तोंडाला पाणी सुटायचं. पण नवाई झाल्याशिवाय एका दाण्यालाही हात लावायचा नाही, हा आम्हा पावरा आदिवासींचा रिवाज. नवं धान्य आधी पूर्वजांना, मग आपल्याला. घरामागच्या डोंगरावर सालईच्या झाडाखाली त्यांचे उभे दगड होते. आई तिथे कणीस ठेवायची, मोहाच्या दारूची धार सोडायची, गेलेल्यांना नावानिशी हाका मारायची. आणि मग आम्ही पोरं अधाशासारखी कणसांवर तुटून पडायचो.

आता तो डोंगर सरकारने एका वन्यजीव संस्थेच्या हवाली केला आहे. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, ‘मानवरहित अधिवास’ अशी पाटी आली. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तिथे आहेत. ती बहुधा मानवांत मोडत नसावीत. शहरातले पाहुणे मात्र पास काढून जीपने आत जातात.

गेल्या वर्षीच्या भादव्यात आईला घेऊन फाटकावर गेलो. तिच्या ओच्यात कणसं होती. पहारेकरी खालच्या गावचा, भला माणूस.

“मावशी, पासबिगर सोडता येत नही,” तो मान खाली घालून म्हणाला. “मन्ही नोकरी जाई. साहेब म्हणस, त्या दगड घर लई जा, तठेच पूजा करा.”

आई पावरीत म्हणाली, “ते कधी आपल्या घरी आलेत का? आपणच जातो त्यांच्याकडे.”

मी ते मराठीत सांगितलं. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो, मराठी माझी चांगली आहे. तिचा इथे काडीचाही उपयोग झाला नाही. संताप आला, अजून येतो... आईने कणसं पुन्हा ओच्यात बांधली आणि वाटेला लागली.

यंदाही मका भरघोस आला आहे. कुंपणाखालून रानडुकरं येतात, पोटभर खाऊन परत जातात; त्यांना पास लागत नाही. आई रेशनचा तांदूळ शिजवते. तो आपल्या शेतातला नाही, त्याला नवाई लागत नाही, म्हणते. सुट्टीत घरी गेलो की ती मला तोच भात वाढते, आणि दारासमोर उभ्या असलेल्या मक्याकडे न बघता आम्ही दोघं जेवतो.