पाणी कुठे मुरतंय

आमच्या ह्यांना सगळे 'थांबा मिस्त्री' म्हणतात. गाडी कुणाचीही असो, बॉनेटला हात लागायच्या आत ह्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो. गॅरेजचा पत्ता विचारत कुणी आलं, की शेजारीण न चुकता सांगते, "बसचा थांबा तिकडे. गाड्यांचा थांबा हा, निळ्या दाराचा." मी लग्नाला होकार दिला तेव्हासुद्धा हे म्हणाले होते, "थांबा, नीट विचार करा." मी कसला विचार करतेय! माझ्या नाकावर राग आणि पायाला भिंगरी.

तरुणपणी ह्यांनी एकदा तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईने उघडलं होतं. आतलं उकळतं पाणी उसळून हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग अजून तसाच आहे. तेव्हापासून गरम इंजिन निवल्याशिवाय हे त्याला हात लावत नाहीत, आणि गरम डोक्याच्या माणसाशी बोलत नाहीत. आमचा संसार त्यामुळेच टिकला, असं माझी लेक म्हणते. म्हणू दे.

माझ्या वडिलांना मात्र हा जावई कधी झेपला नाही. बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. शेजारी बसून "दाब क्लच! दाब म्हणतो ना!" असं ओरडण्यात ज्याची हयात गेली, त्याला हळू माणसाचं काय कौतुक असणार? "जावईबापूंना शिंक यायलासुद्धा अर्धा दिवस लागतो," असं ते ह्यांच्यासमोरच म्हणायचे, आणि हे हसून चहा प्यायचे. राग यायचा तो मला.

तर बाबांची ती जुनी गाडी पाणी प्यायला लागली. रेडिएटर भरावा, आणि बाजारात जाऊन येईपर्यंत पातळी खाली. एकदा भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघाली आणि बाबा फुटपाथवर बसून राहिले. माझा धाकटा भाऊ धावत गेला. त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. त्याने कुठल्याशा ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. पाणी संपतं पण खाली थेंब नाही, एवढं ऐकून तो न बघताच म्हणाला, "हेड गॅस्केट उडालं. इंजिन गेलं समजा." भावाने लगेच भंगारवाल्याला रविवारी बोलावलं. शनिवारी मला सांगितलं.

"ताई, त्या डब्यात बाबांना काही झालं तर?" तो म्हणाला. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण गाडी गेली की बाबा खुर्चीला खिळणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी ह्यांना हातातलं काम टाकायला लावलं आणि माहेरी नेलं.

बाबा गाडीशेजारी उभे होते. नेहमीचा टोमणा नाही, काही नाही.

"थांबा," हे म्हणाले, आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग ऑइलची पट्टी काढून बोटावर ऑइल चोळलं, भरायच्या तोंडाचं झाकण उघडून आत पाहिलं. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर दुधाळ साय धरली असती. ऑइल स्वच्छ होतं. इंजिन चालू करून मागे धूर पाहिला. पांढरा धूर नव्हता.

"गॅस्केट शाबूत दिसतंय," हे म्हणाले.

"मग पाणी जातं कुठे भावजी? खाली तर टिपूस नाही," भाऊ म्हणाला. फरशी खरंच कोरडी होती. हे गुडघ्यावर बसून त्या फरशीकडे बघत राहिले. मग अंगणातल्या दोरीकडे बघत राहिले. माझा संयम सुटायच्या बेतात होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," हे म्हणाले. भावाला त्यांनी नवा कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये घालायचं ते हिरवं पाणी, आणायला पिटाळलं. तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "इतक्या जुन्या गाडीखाली ऑइलचासुद्धा डाग नाही. इतकी चकचकीत फरशी मी कुठल्याच गॅरेजमध्ये बघितली नाही. आणि दोरीवरचा तो टॉवेल हिरवट का दिसतोय?"

मी टॉवेल नाकाशी धरला. गोडसर, औषधासारखा वास. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

हे त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. "रोज पुसता का, बाबा?"

"उजाडायच्या आत," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक, की ते माझेच बाबा का असं वाटलं. "डबकं दिसलं असतं तर पोराने गाडी विकली असती. म्हणून पुसायचो, वरून पाणी भरायचो. तिला कशाला बोल लागू द्यायचा?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. ज्याने गाडी वाचावी म्हणून गळती लपवली, त्याच्याच हातांनी ती भंगारात निघाली होती!

हे फक्त म्हणाले, "उद्या पुसू नका."

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर गाडीच्या पुढच्या अंगाला छान हिरवं डबकं, आणि बाबा आपलं गुपित उघड्यावर पडल्यासारखे त्याच्याकडे पाठ करून उभे. ह्यांनी रेडिएटरच्या तोंडाला हवेचा हातपंप लावून आत दाब दिला, म्हणजे गळती असेल तिथून पाणी बाहेर येईल, आणि स्टूल ओढून बसले. भाऊ येरझाऱ्या घालत होता. मी बोटं मोडत होते. शेवटी वॉटर पंपाच्या पोटातल्या बारक्या भोकाशी एक थेंब जमला, फुगला आणि टपकला.

"पंपाचं सील गेलंय. एवढंच," हे म्हणाले.

"पण इतके दिवस गळती कशी दिसली नाही?" भावाने विचारलं.

बाबांनी श्वास रोखला.

"जुनी गळती अशीच असते," हे म्हणाले. "तिच्या मनात येतं तेव्हा दिसते." इतकं धडधडीत खोटं बोलताना मी ह्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आणि सांगते, फार आवडले मला.

भावाने स्वतःच भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. ह्यांनी जुना कूलंट काढला, बेल्ट सैल केला, पंप उतरवला. जुनं चिकटलेलं पॅकिंग खरवडायला बाबाच खाली बसले. मग नवं पॅकिंग, नवा पंप, भेगाळलेला होज पाइपही बदलला. कूलंट भरून, हवा निघून जाईस्तोवर इंजिन चालू ठेवलं. पंखा फिरला, बंद झाला, पुन्हा फिरला. खाली थेंब नाही, आणि या वेळी कुणी पुसला नव्हता.

इंजिन बंद केल्याबरोबर भावाला राहवेना. "बघू तरी पातळी," म्हणत त्याने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"थांबा!"

ओरडले ते बाबा. त्यांनी भावाचं मनगट घट्ट धरलं होतं. स्वतःच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच अहोजाहो केलेलं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून पाने पुसत होते, आणि कान लालबुंद झाले होते.

"निवू द्या तिला," बाबा म्हणाले, आणि स्टूल ओढून जावयाशेजारी बसले.