एक विषय बाकी

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा मी जाड गुळगुळीत कागदावर, सोनेरी अक्षरांत, आठशे प्रतींमध्ये छापून घेतला होता. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं आणि अक्कल अजून वाटेतच. लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन एका ठेकेदाराकडे साइटवर लागला होता. दोन्हीकडच्या पत्रिका छापून आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि कुणाला न विचारता नवऱ्यामुलाच्या नावापुढे ‘बी. ई. (सिव्हिल)’ असं ठोकून दिलं. मी स्वतः दहावीला इंग्रजीशी भांडून घरी बसलेली; त्यामुळे आपल्या माणसाच्या नावापुढे दोन अक्षरं लागावीत याची मला भारी हाव. मुलाचा तिसऱ्या वर्षाचा पाटबंधाऱ्यांचा एक विषय राहिला आहे, तो सुटेपर्यंत पदवी मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एवढ्या ढीगभर विषयांत एक राहिला तर काय आभाळ कोसळतं, असं माझं मत. आभाळ कोसळलं नाही. व्याही मात्र आले.

आमच्या व्याह्यांसारखा माणूस नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नाही, आणि आहे तो एक जिल्ह्याला पुरून उरतो. ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षा विभागाचे हेडक्लार्क होते. कुठल्या वर्षातून कुठल्या वर्षात कसं जायचं, किती विषय राहिले तर चालतात, किती राहिले तर घरी बसायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अभ्यासक्रम बदलायचे, नियमावल्या बदलायच्या, प्राचार्य बदलायचे. व्याह्यांच्या डोक्यात जुन्यानव्या सगळ्या नियमावल्या एकीवर एक रचलेल्या, आणि कुठलीही मागितली की बाहेर. स्वतःच्या मुलाला त्यांनी मुद्दाम दुसऱ्या कॉलेजात घातलं, कारण “माझ्या हातातून त्याची गुणपत्रिका जायला नको.” बोलण्याचीही त्यांची एक रीत होती. नियम सांगायचा तर छापील मराठी, आणि नियम संपला की घरची अहिराणी. त्यांच्या तोंडून अहिराणी निघाली की समजायचं, ऑफिस बंद झालं.

निवृत्त होऊन ते शहाद्याला आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहायला आले, तेव्हा कॉलेजानं एक हेडक्लार्क गमावला आणि गल्लीनं एक विद्यापीठ कमावलं. निकाल लागला की धानोऱ्यापासून नवापूरपर्यंतची पोरं त्यांच्या ओट्यावर गुणपत्रिका घेऊन हजर. ‘नापास’ हा शब्द व्याही कधी उच्चारत नाहीत. “नियमावलीत नापास नावाचा माणूस नाही. विषय असतो, आणि तो बाकी असतो,” असं ते सांगतात, आणि आतून खचलेलं पोरगं जरा ताठ बसतं. एकदा बाजारातले कापडवाले शेठजी मुलाची गुणपत्रिका घेऊन आले. मुलगा पहिल्या वर्षाला, दोन विषय राहिलेले. व्याह्यांनी कागद वरून खाली, मग खालून वर वाचला आणि म्हणाले, “शेठजी, मुलगा दुसऱ्या वर्षात गेला. दोन विषय सोबत घेऊन.” शेठजींना काही उमजेना. “म्हणजे साहेब, पोरगा वर गेला की खाली राहिला?” व्याही म्हणाले, “पोरगा वर गेला. सामान खाली राहिलं. पण तिसऱ्या वर्षाच्या दारात सामान तपासतात. पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिथं आत घेत नाहीत.” हा नियम गल्लीतल्या बायकांनाही पाठ झाला. भाजीवाली म्हणते, पहिल्या जुडीचे पैसे सुटू देत, मग तिसरी जुडी.

पण हे सगळं ओट्यापुरतं असतं तर आम्ही सुखात होतो. व्याह्यांच्या मते सिव्हिल इंजिनिअरिंगचे नियम हे जगाचेच नियम. कॉलेजांनी ते फक्त लिहून काढले. माझी लेक लग्न होऊन गेली आणि आठव्या दिवशी मोठ्या उत्साहानं खापरावरचे मांडे करायला बसली. व्याह्यांनी चुलीपाशी येऊन विचारलं, “भाकरी सुटली का?” लेक गोंधळली. “मांडे हा तिसऱ्या वर्षाचा विषय आहे, बेटा. पहिल्या वर्षाची भाकरी पूर्ण सुटू दे.” त्या पोरीनं दोन महिने भाकऱ्या थापल्या, आणि आज तिच्यासारखे मांडे आमच्यात कुणी करत नाही, हे मला कबूल करावं लागतं, जे मी अजून त्यांच्यासमोर केलेलं नाही. लग्नाला गेले तर व्याही हळदीपासून हजर असणार. एकदा बस बंद पडली आणि ते थेट पंगतीच्या वेळी पोहोचले, तर पानावर बसायला तयार होईनात. यजमान हात जोडताहेत, आचारी वाढप थांबवून उभा, आणि हे म्हणतात, “पंचाहत्तर टक्के हजेरी नाही माझी. परीक्षेला कसा बसू?” शेवटी नवरदेवाच्या मामानं सत्यनारायणाला पूर्ण वेळ थांबायच्या अटीवर त्यांना जेवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी व्याही खरोखर गेले आणि आरतीपर्यंत बसले.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या हातात मी ती पत्रिका दिली. त्यांनी चष्मा पुसला. वाचली. आपल्या वाट्याचे गठ्ठे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी बाजारात असताना ते आमच्या घरी आले, दोन लाल पेन घेऊन, आणि आमच्या वाट्याच्या पत्रिकाही त्यांनी मागून घेतल्या. मी परत आले तर व्याही आमच्या पलंगावर मांडी घालून बसलेले, आणि आमचे हे त्यांना एकेक पत्रिका उघडून देताहेत! प्रत्येक पत्रिकेवर, सोनेरी ‘बी. ई. (सिव्हिल)’च्या बरोबर खाली, सुबक लाल अक्षरात लिहिलेलं: ‘एक विषय बाकी’. आणि बाजूला सही. मी ह्यांना आत नेऊन झापलं, तर हे म्हणतात, “लाल शाईनं लिहीत होते. मला वाटलं, शुभ असेल.”

लग्नात माझी काय शोभा झाली म्हणून सांगू! हळदीला जमलेल्या बाया एकमेकींना कोपरखळ्या मारताहेत. “काय व माय, जवाईना एक विषय बाकी शे म्हने! कोनता शे, ते तं सांग!” आणि सगळ्या पदरात तोंड घालून हसताहेत. मी रागानं लाल. विहिणीच्या पंगतीला व्याही अगत्यानं विचारायला आले, तर मी पानावरून मान वर केली नाही. ‘माणसापेक्षा कागद मोठा मानणारा माणूस’ असं मी त्यांना मनात म्हटलं. कागदापायी माणूस विसरले होते ती मी, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. तेव्हाची मी आज भेटले ना, तर स्वतःचाच कान पिरगाळीन.

सहा महिन्यांनी जावयाचा तो विषय सुटला. आनंदी आनंद. मला वाटलं, विषय संपला. पण व्याह्यांचं काम तर तिथून सुरू झालं. ते हिरवं पेन घेऊन एसटीत बसले आणि गावोगाव घरोघर जाऊन विचारू लागले, “आमच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आहे का हो घरात? नोंद दुरुस्त करायचीय.” सहा महिन्यांनी लग्नाची पत्रिका कोण ठेवतं! कुठे ती मसाल्याच्या डब्यावर झाकण झाली होती, कुठे चूल पेटवताना कामी आली होती. नवरदेवाचा सफारी ज्यांनी शिवला त्या रहीमचाचांनी तर त्या जाड कागदाचा कॉलरचा फर्मा कापला होता. व्याह्यांनी त्या कॉलरवरही हिरवी दुरुस्ती केली. रहीमचाचा हसून म्हणाले, “भाईसाब, इसपे तो अब पूरे शहादा की कॉलर कटती है।” व्याही म्हणाले, “मग तर दुरुस्ती हवीच.”

शेवटी ते आमच्या दारात आले. पेनाचं टोपण उघडलेलंच. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, “जाळली ती. बंबात घातली.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग एक नोंद कायमची चुकीची राहिली,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

पत्रिका जाळली नव्हती. माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत होती. कधीतरी भर चारचौघांत त्यांच्या तोंडावर फेकीन, म्हणून ठेवली होती. दरवर्षी शालूला ऊन दाखवताना ती हातात यायची, मी तिच्याकडे डोळे वटारून बघायची आणि परत घडीत सरकवायची. अशी तेवीस वर्षं गेली. बोलणंचालणं राहिलं, दिवाळीचं ताट राहिलं, पण त्यांना मी आपणहून कधी चहा विचारला नाही. ते आपणहून मागायचे, तेव्हा करून द्यायची.

आता आमची नात रेवा, म्हणजे त्याच जावयाची मुलगी, सिव्हिललाच आहे. लेक-जावई कामाच्या गावी, आणि रेवा कॉलेजासाठी आमच्याकडे शहाद्याला. दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय तिनं झटक्यात सोडवले, पण पहिल्या वर्षाचं गणित मागे राहिलेलं. उन्हाळ्यातल्या फेरपरीक्षेत ते सुटलं तर तिसऱ्या वर्षात, नाही तर वर्षभर घरी. पोरीचं जेवण गेलं, हसणं गेलं. मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण ओट्यावर बसणार, या विचारानं ती आतल्या आत वाळत चालली होती. मला ते बघवेना. आणि वयाबरोबर मूर्खपणाही पिकतो म्हणून असेल, मी उठले आणि व्याह्यांकडे गेले. म्हटलं, “तुमची अजून ओळख आहे ऑफिसात. एक शब्द टाका. पोरीला तिसऱ्यात बसू द्या, गणिताचं मागाहून बघू.”

त्यांनी चष्मा काढला. “विहीणबाई, पुलाचा पहिला खांब मागाहून बघू म्हणून कुणी तिसरा बांधत नाही. आणि पोटच्या पोराच्या पत्रिकेवर मी काय लिहिलं, ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.” मी पदर सावरून उठले. तर मागून व्याही म्हणाले, “उद्या सकाळी साडेपाचला दोघी ओट्यावर या.”

व्याही मॅट्रिक. गणित त्यांना शिकवता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी उलटी रीत काढली: रेवानं त्यांना शिकवायचं. “मला कळलं तर परीक्षकाला कळेलच.” अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पाटी घेऊन बसला. पोरगी एकेक पायरी समजावते आणि हे मान हलवतात: “नाही सुटलं. पुन्हा.” माझ्याकडे हजेरीची वही. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर रविवारचं खिचडी-पापड बंद, असा नियम. एका सकाळी रेवाला जाग आली नाही. ते पाटी पुसायला आत गेले, तेवढ्यात मी हळूच तिची सही ठोकून दिली आणि परत आल्यावर म्हटलं, “आत्ताच बसून गेली, पोटात दुखत होतं.” त्यांनी वहीवर एक नजर टाकली. “रेवा ‘र’ला शेपूट काढत नाही,” म्हणाले, आणि आम्हा दोघींची गैरहजेरी लावली. मी हजर असताना! तो रविवार आम्ही दोघींनी साध्या वरणावर काढला, आणि पोरगी खूप दिवसांनी पोट धरून हसली.

एकदा तिनंच विचारलं, “आजोबा, तुम्हाला इतकं कळतं, मग तुम्हीच का नाही झालात इंजिनिअर?” ते पाटीवरचं समीकरण पुसत होते. पुसत राहिले. “माझी टर्म भरली नाही, बेटा,” म्हणाले आणि पुढचं उदाहरण मागितलं. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वरच्या वर्गात जाताना बघत बसलेला हा माणूस, हे माझ्या इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. मी वहीत डोकं घातलं.

निकाल मोबाइलवर आला. व्याह्यांचा मोबाइलवर विश्वास नाही, म्हणून रेवा छापील कागद घेऊन आली. त्यांनी वरून खाली वाचला, खालून वर वाचला, आणि म्हणाले, “सुटलं.” बस्स. पण कागद परत देण्याआधी त्यांनी तो आणखी एकदा वाचला. रेवा माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मग उड्या मारत मैत्रिणींना सांगायला गेली.

मी घरी आले. ट्रंक उघडली. शालूच्या घडीतून ती पत्रिका काढली आणि पदराखाली धरून परत त्यांच्या ओट्यावर गेले. आधी आत जाऊन दोन कप चहा केला. मग त्यांच्यापुढे कप ठेवला आणि शेजारी पत्रिका. सोनं विटलं होतं. लाल शाई मात्र कालची वाटत होती.

“ही तर बंबात जळली होती,” व्याही म्हणाले.

“बंब पेटला नाही,” मी म्हटलं.

ते आत गेले. हिरवं पेन सापडायला वेळ लागला. शाई वाळली होती, टोक दोनदा चहाच्या बशीत बुडवावं लागलं. लाल ओळीवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, वर ‘सुटला’ लिहिलं, सही केली आणि आजची तारीख घातली. फुंकर मारून शाई वाळवली. पत्रिका दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, आणि छापील मराठी बाजूला ठेवून म्हणाले,

“तेवीस वरीस एकच विषय धरी बसनात, विहीणबाई. चला, आते वरला वर्गमा या.”