नर्सिंगला विद्यावेतन, गाण्याला फी

मनमाडकडे जाणारी गाडी नगर स्टेशनात लागली, तरी आई माझ्या ट्रंकेवरचा हात काही केल्या उचलेना. डब्यातल्या एका बाईने विचारलं, "पोरगी सासरी निघाली व्हय?" बाबा छाती काढून म्हणाले, "न्हाई. बडोद्याला. गाण्याच्या कॉलेजात." त्या बाईने आईकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू बिचारीच्या घरात भलतंच काहीतरी घडलंय. १९७३ चा जून होता तो. भिंगारच्या आमच्या गल्लीतून परराज्यात शिकायला निघालेली मी पहिली मुलगी, आणि हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात मुलगी मॅट्रिक झाली की दोनच वाटा, मास्तरीण नाहीतर नर्स. माझी चुलतबहीण सुशीला नर्सिंगला गेली होती आणि शिकता शिकताच विद्यावेतनातले पैसे घरी पाठवत होती. मी मात्र चर्चमध्ये पेटी वाजवून गायची, आणि त्यातच पदवी घ्यायचं खूळ डोक्यात घेऊन बसले होते. बाबा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सुतार. एका रविवारी त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवरच दोन रकाने आखले. एकीकडे नर्सिंग: आधी विद्यावेतन, मग सरकारी पगार. दुसरीकडे गाणं: फी, होस्टेल, मेस, पतपेढीचं कर्ज, आणि पगाराच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. हिशोब सरळ सरळ माझ्या विरुद्ध गेला. बाबांनी फळीवर रंधा मारून दोन्ही रकाने उडवले. "हिशोब बरोबर हाय," ते म्हणाले, "पन तू नर्स झालीस तर इंजेक्शन देतानाबी गुणगुणशील. त्यापरीस कॉलेजात जाऊन गुणगुण."

पतपेढी देईल तेवढ्यात भागणार नव्हतं. मी निघण्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या चर्चचा हंगामाचा सण आला. जे पिकेल त्यातलं पहिलं चर्चमध्ये आणायचं आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, ही आमची रीत. घेणारा हौसेने वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली सुरू. पण बहात्तरच्या त्या दुष्काळात पिकलं होतं काय? टेबलावर पसाभर बाजरी, थोडी अंडी आणि मार्थामावशीने मोरीच्या पाण्यावर वाढवलेला एक भोपळा. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, यंदाचे पैसे एस्तेरच्या, म्हणजे माझ्या, शिक्षणाला. बाबा ताडकन उठले. "उसनं म्हनून द्या, तर घेतो. दान नको." मागून कोणीतरी शंका काढली, "पर गाऊन फिटंल का?" मार्थामावशी गरकन वळली. "तुला कशाला पायजेल उठाठेव? आदी बोली लाव!"

तो भोपळा इतक्या वेळा विकला गेला की शेवटी त्याचं देठच कोणाच्या तरी हातात आलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसंसुद्धा हात वर करत होती. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. एवढी लाज आणि एवढा अभिमान एकदमच वाटल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

भिंगारच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखंच बाहेर पडून पांगलेल्यांनो, बडोद्याने मला लगेच जवळ केलं असं मुळीच नाही. वरणात गूळ होता. तिथल्या जुन्या मराठी घरांतल्या मुली माझ्या 'न्हाई'ला खुदखुदत, आणि गुरुजी माझा सा ऐकून डोळे मिटत, ते काही समाधानाने नव्हे. तरी मी टिकले. आता मी एस्तेरबेन आहे. रिक्षावाल्याशी गुजरातीत घासाघीस करते, नाश्त्याला खाखरा खाते, आणि नगरला आले की वहिनीच्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढते. वहिनीला त्याचा कोण आनंद!

पदवीनंतर एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षिका झाले. पगार सुशीलापेक्षा कमी होता, आणि रिटायर होईपर्यंत कमीच राहिला. बाबांची फळी खोटं बोलली नव्हती. कर्जाचे राहिलेले हप्ते मी पगारातून भरले, आणि मग चर्चच्या मंडळीचे ते लिलावातले उसने पैसे घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी ते मोजून घेतले आणि पुढे एका मुलीच्या डी.एड.ला दिले. बाबा त्या दिवशी सायकल न घेता मुद्दाम बाजारातून चालत घरी आले. भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, "आमच्या एस्तूनं फेडलं बरं का. गाऊन फेडलं!"

आज माझ्या विद्यार्थिनी विचारतात, बेन, यात पैसा आहे का? मी सरळ सांगते, फार नाही. कर्ज काढणार असाल तर नीट हिशोब मांडा, आणि तो विरुद्ध गेल्यावरही गावंसं वाटलं तर या.

बडोद्यात माझा कार्यक्रम ठरवायचा तर लोक आधी फोन करतात, मानधन विचारतात, वेळ मागून घेतात. भिंगारच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर चोरासारखी बसले तरी कोणीतरी ओरडतंच, "एस्तू, बसली काय? ऊठ, म्हण!" घसा बसलाय म्हटलं तर ऐकत नाहीत, गुडघे दुखतात म्हटलं तर खुर्ची आणून देतात. पैसे केव्हाच फिटले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी असा हुकूम सोडायचा हक्क जगात दुसऱ्या कोणत्याच गावाला माझ्यावर नाही. मी उठते आणि गाते.