मुलांना ग्राउंडवर पाठवू नका

नंदनवन वस्तीतल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलींसाठी दरवर्षी ‘वयात येताना’ नावाचा एक तास व्हायचा. विज्ञान माझ्याकडे, म्हणून तो तासही माझ्याकडेच. तेवढा वेळ मुलांना बॅट-बॉल देऊन ग्राउंडवर पाठवत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

यंदा मी मुलींना आधीच विचारलं, या तासात तुम्हाला काय हवंय? मग खिडकीजवळची एक उभी राहिली.

“मॅडम, पाळी काय असते ते मले माहीत आहे. पोरांले नाही माहीत. मागच्या महिन्यात माझ्या ड्रेसले डाग लागला, तं तेव्हापासून मले टोमॅटो म्हणून राहिले. अन् तुम्ही त्याईलेच क्रिकेट खेळाले पाठवता. काहून?”

ती खाली बसली नाही.

“या वेळी पाठवलं, तं मी नाही येत तासाले. मले तं शाळेतच यावं वाटत नाही आता.”

या वेळी मुलांनाही तासाला बसवू या, असं मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगितलं. त्या चहा ढवळत म्हणाल्या, “पालक माझ्यासमोर येऊन बसतील, तुमच्या नाही.” हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पुढचे काही दिवस माझं कशातच लक्ष लागेना. भाजी करपली. सदरच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेले आणि तशीच परत आले.

तासाच्या दिवशी सकाळी खेळाच्या खोलीची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

पीटीचे सर हसले. “मॅडम, बॅटा चोरून राहिल्या काय?”

“तासभरच,” मी म्हटलं.

मुलं वर्गात आली. मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून खिदळायला लागली. खिडकीजवळची ती मुलगी दारातच थांबली. परत फिरते की काय, असं मला वाटलं. पण ती आत आली आणि मुलांच्या लगेच पुढच्या बाकावर बसली. मागून कोणीतरी “टोमॅटो” म्हणालं. हशा.

ती वळली. “हसून घ्या बे एकदाचं. मग मॅडमले शिकवू द्या.”

तेवढ्यात शिपाई आला. “मोठ्या मॅडम बोलावून राहिल्या. लवकर.”

“तास संपला की येते, सांगा,” म्हटलं आणि दार लावून घेतलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘पाळी’ लिहिलं. मागचं हसू अजून थांबलं नव्हतं. मी डागापासून सुरुवात केली.